पाण्याच्या मधोमध साडूभाऊ

दारव्ह्यापासून वणीपर्यंत सारा यवतमाळ जिल्हा पालथा घातला, तरी एखादी वस्तू बंद पडल्यावर आमच्या साडूभाऊंइतका आनंदी होणारा माणूस सापडायचा नाही. तुमच्या-आमच्या घरी मिक्सर बंद पडला की आधी त्याला दोन थापट्या मारतात, मग बायको नवऱ्याकडे बघते आणि नवरा दुसरीकडे बघतो. साडूभाऊंच्या कानावर तीच बातमी गेली की त्यांचा चेहरा असा उजळतो, जणू कुणाला मुलगा झाला. "बंद पडला? सांगता काय," असं म्हणत ते जेवणाच्या ताटावरून उठतात. आवाज कसा आला, वास आला होता का, बंद पडायच्या आधी तो थरथरला की गपकन थांबला, अशी चौकशी सुरू होते. त्या चौकशीत इतकी माया असते की आजारी माणसाला हेवा वाटावा.

ते माझ्या मोठ्या मेहुणीचे यजमान, म्हणजे सासरघरचे थोरले जावई. माझ्या लग्नात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं असं म्हणणंही तसं चुकीचंच, कारण मंगलाष्टकं सुरू होता होता माईक खरखरला आणि थोरले जावई नव्या सुटासकट स्टेजखाली शिरले. आमच्या लग्नाच्या बहुतेक फोटोंत मी आहे, माझी बायको आहे, आणि आमच्या मागे स्टेजच्या कापडाखालून बाहेर आलेले दोन पॉलिश केलेले बूट आहेत. माईक अखेर सुरू झाला तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. त्यामुळे त्यातून पहिलं काय ऐकू आलं असेल, तर साडूभाऊंचा आवाज: "आता येऊन राह्यला का आवाज?" साऱ्या मांडवाने एकसुरात "हो" म्हटलं. भटजींच्या मंत्रांनाही त्या दिवशी इतका प्रतिसाद मिळाला नव्हता.

प्रसंगाचं भान त्यांना नाही असं नाही, पण यंत्राचा आवाज त्या भानावर मात करतो. एकदा आम्ही मारेगावला एका नातेवाइकांकडे भेटायला गेलो होतो. घरातले म्हातारे वारले होते. बायका आत रडत होत्या, पुरुष ओसरीवर मान खाली घालून बसले होते. साडूभाऊंचीही मान खाली होती, पण हळूहळू ती वर जाऊ लागली आणि छताच्या पंख्यावर थांबली. पंखा टक् टक् वाजत होता. पाच-दहा मिनिटं त्यांनी स्वतःला आवरलं, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो. मग ते गेलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलाकडे झुकले आणि दुःखाने भरलेल्या आवाजात म्हणाले, "स्टूल हाय का?" त्या मुलालाही ते बरंच झालं असावं. चार दिवस तो लोकांचं सांत्वन ऐकत होता. स्टूल धरायला कुणी सांगितलं नव्हतं. पंखा उतरवून, साफ करून, परत चढवेपर्यंत तो साडूभाऊंजवळ उभा राहून वडिलांच्या गोष्टी सांगत होता आणि एकदा तर हसलाही.

माणसांकडेही ते इंजिन म्हणूनच बघतात. आमच्या एका भाच्याला नोकरी लागत नव्हती, तर त्याच्या आईला म्हणाले, "पोरगा चांगला हाय, फक्त थंडीत लवकर उठत नाही. थोडा चोक द्या." मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांनी शाल-श्रीफळ दिलं, भाषणं केली. यांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "भाऊ, एकदम बंद नोका करू. थोडा टाइम न्यूट्रलमध्ये चालू द्या." त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांतला तेवढाच उपदेश माझ्या उपयोगी पडला.

आता त्यांच्या दुरुस्त्या यशस्वी होतात का, असं विचाराल तर निम्म्या होतात, आणि उरलेल्या निम्म्या वस्तू आधीपेक्षा वेगळ्या रीतीने बिघडतात. पांढरकवड्याला एका चाचांचं गॅरेज आहे. साडूभाऊ आपली कापूस-तुरीची कामं सोडून तिथे तासन्‌तास बसतात. चाचांनी त्यांच्यासाठी एक लोखंडी स्टूल ठेवलंय आणि एकच अट घातलीय: "बैठो, देखो, चाय पियो, लेकिन हाथ मत लगाओ." साडूभाऊंनी ती अट कधीच पाळली नाही आणि चाचांनीही स्टूल कधी काढून घेतलं नाही. याच गॅरेजच्या कोपऱ्यात त्यांना ते बोटीचं इंजिन दिसलं.

बोटीची खरोखरच गरज होती. धरणाचं पाणी अडल्यापासून साडूभाऊंचं गाव एका काठाला आणि निम्मं शेत पलीकडच्या काठाला पडलं आहे. पलीकडूनच केळापूरकडे जाणारा डांबरी रस्ता जातो. जमिनीवरून जायचं तर मोठा वळसा, त्यात मधला पूल खचलेला. त्यामुळे पाणी ओलांडायला गावात पहिल्यापासून डोंगे आहेत, पण ते वल्ह्यांचे. साडूभाऊंनी पत्र्याची मोठी बोट करून घेतली आणि तिच्या मागे चाचांकडचं ते इंजिन लटकवलं. ते इंजिन आमच्या जिल्ह्यात कुठून कसं आलं ते चाचांनाही आठवत नव्हतं. पण पहिल्यांदा ते सुरू झालं आणि पाण्यावर पांढरी रेघ उमटली, तेव्हा काठावर उभ्या असलेल्या साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं माझी मेहुणी सांगते. "माह्या लग्नात नोहतं आलं," हेही ती न विसरता सांगते.

पुढे ती बोट नीट चालू लागली. वेचणीच्या बाया तिच्यातून पलीकडे जात, कापसाची गाठोडी तिच्यातून येत. साडूभाऊ शिंगाडे विकणाऱ्यालाही फुकट सोडून येत. त्यांनी एकच खोड लावून घेतली होती. बोटीत वल्ही ठेवायची नाहीत. मेहुणी रागावली की म्हणत, "वल्हं संग नेलं तं इंजिनाले काय वाटंल?" इंजिनाला काही वाटतं हे त्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं होतं, त्यामुळे वल्ही गोठ्यात गवताखाली पडून राहिली.

आणि मग आला त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचा दिवस.

मुलगी एकुलती एक. यवतमाळला शिकत असताना तिची आणि एका मुलाची ओळख झाली होती. दोघांनी आपापल्या घरी सांगितलं होतं, फक्त थोरल्यांनी एकमेकांना बघून होकार द्यायचा होता. मुलगा पुण्याला नोकरीत, बोलायला मऊ. आई अगदीच अबोल. आणि वडील लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. साऱ्या जन्मात सहीशिवाय एक खिळा बाहेर जाऊ न दिलेला माणूस. खिशात पेन, मनगटावर घड्याळ, ओठांवर शिक्का. त्यांना आणायला मध्यस्थ म्हणून मी यवतमाळहून बरोबर निघालो होतो. पलीकडच्या काठावर गाडी उभी केली, साडूभाऊ बोट घेऊन हजर होतेच. जाताना इंजिन गाणं म्हटल्यासारखं चाललं. घरी पोहे झाले, चहा झाला, मुलीला दोन प्रश्न विचारून झाले. तिने उत्तरं नीट दिली. मुलाकडे न बघण्याचाही तिने चांगला प्रयत्न केला.

निघताना मुलाच्या वडिलांनी रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाले, "ठीक आहे. विचार करून कळवतो."

लग्न जमवण्याच्या व्यवहारात ज्यांचा एखादा दिवसही गेला आहे, त्यांना 'कळवतो' म्हणजे काय ते सांगायला नको. मेहुणीचा चेहरा पडला. दारामागे मुलीच्या बांगड्या वाजल्या आणि मग आत काहीच वाजेनासं झालं. मुलगा बुटांकडे बघत उभा राहिला. साडूभाऊ मात्र बोटीत पेट्रोल किती आहे ते बघायला आधीच काठावर गेले होते. त्यांनी ते वाक्य ऐकलंच नव्हतं.

परत निघालो ते असे: मागे इंजिनाजवळ साडूभाऊ, मध्ये पेट्रोलच्या डब्याशेजारी मुलाची आई, पदर नाकाला लावलेला, तिच्यासमोर वडील आणि मी, पुढे टोकाला मुलगा. काठावर मेहुणी आणि मुलगी उभ्या होत्या. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. निम्मं पाणी आलं असेल-नसेल, तोच त्याने एक उसासा टाकला, मग दुसरा, आणि ते थांबलं.

मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळत होता.

"थांबा, थांबा, कोणी हलू नोका," ते म्हणाले. खरं तर हलण्यासारखी जागाच नव्हती. त्यांनी दोरी ओढली. इंजिन घुरघुरलं नाही. पुन्हा ओढली. पुन्हा. मग दोन्ही हात झटकून ते आमच्याकडे वळले, जणू आता कीर्तनाला उभं राहायचंय. "पाहा, इंजिनाले तीनच गोष्टी लागते. तेल, ठिणगी आन् हवा. यातली एक रुसली असंल. कोणती रुसली, थे आपून शोधून काढू."

"वल्ही कुठे आहेत?" वडिलांनी विचारलं.

"गोठ्यात," साडूभाऊ म्हणाले, आणि प्लग उघडायची किल्ली शोधू लागले.

मी खाली मान घातली. वारा आम्हाला हळूहळू बाजूला ढकलत होता. त्या बाजूला, धरणात बुडालेल्या बाभळींचे वाळके शेंडे पाण्याबाहेर आलेले होते. पत्र्याच्या बोटीला त्यांच्यातली एक फांदी पुरे होती. मुलाने ते पाहिलं, काही न बोलता शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पुढे पालथा होऊन हाताने पाणी मारू लागला. मुलाचा तो मऊपणा आत कुठेतरी घट्ट आहे हे मला तेव्हा कळलं.

साडूभाऊंनी पेट्रोलचा डबा उचलून कानाशी हलवला. "खळखळ वाजते. तेल हाय." झाकण उघडून बघायची त्यांना गरज वाटली नाही, वजनावरून आणि आवाजावरून तेल ओळखणं हा त्यांचा अभिमान. मग त्यांनी प्लग काढला, वायरीला जोडला आणि आजूबाजूला पाहिलं. "साहेब, हा एवढा धरता का? लोखंडाले टेकवून धरा. मी दोरी ओढतो. ठिणगी दिसली तं सांगा."

त्या माणसाच्या हातात कुणी वस्तू अशी सही न घेता दिली नसेल. त्यांनी ती धरली. साडूभाऊंनी दोरी ओढली, आणि होणारे व्याही जागेवरून वीतभर उडाले.

"चटका बसला का?" साडूभाऊंनी आतुरतेने विचारलं.

"बसला."

"मंग ठिणगी हाय."

दूरवर एका पाणकावळ्याने बुडी मारली. माझ्या मनात सोयरिकीचं पाणी झालं होतं. वडिलांनी हात झटकला, प्लगकडे बारकाईने पाहिलं, मग मनगटावरचं घड्याळ सोडून खिशात ठेवलं. आणि म्हणाले, "मला दिसली नाही. पुन्हा ओढा, बघू."

यानंतर जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. दोन्ही म्हातारे इंजिनावर ओणवे झाले. ठिणगी दिसली, निळी आणि कडक, तेव्हा दोघांनीही एकाच वेळी "आहे" म्हटलं. प्लगचं टोक वडिलांनी बोटाने पुसून पाहिलं. "कोरडा आहे हा. म्हणजे तेल इथपर्यंत येतच नाही."

"तेच म्हणून राह्यलो मी."

"तुम्ही म्हणालात तेल आहे."

"डब्यात हाय म्हणलं. इथं हाय असं कुठं म्हणलं?"

डब्यापासून इंजिनापर्यंत जी नळी जाते, तिच्या मध्ये हाताने दाबायचा रबरी फुगा असतो. तो दाबला की तेल पुढे सरकतं. तो फुगा चपटा होऊन पडला होता. मी दाबून पाहिला, तर वाळलेल्या लिंबासारखा तो तसाच राहिला. साडूभाऊंचं म्हणणं पडलं की फुगा म्हातारा झाला. वडिलांचं म्हणणं, म्हातारा झाला असता तर सकाळीही झाला असता. साडूभाऊंनी इंजिनाकडची नळी काढून गाळणी फुंकली आणि तोंडभर पेट्रोल चाखलं. वडील म्हणाले, "मला द्या, तुम्हाला फुंकता येत नाही." त्यांनीही चाखलं. थुंकून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आतापर्यंतचं 'साहेब' गळून पडलं आणि त्याजागी 'अहो भाऊ, तुम्ही जरा सरका' सुरू झालं. दोघे भांडत होते, एकमेकांच्या हातातून किल्ली हिसकावत होते. त्या माणसाचा पांढरा सदरा कोपरापर्यंत काळा झाला होता आणि पेन पाण्यात पडलं ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मी मात्र बाभळींकडे बघत होतो. त्या आता इतक्या जवळ होत्या की त्यांच्यावरची बगळ्यांची विष्ठा दिसत होती. मुलाने एक फांदी पकडली आणि सगळा जोर लावून बोट तिच्यापासून लांब रोखून धरली.

"बाबा, लवकर करा," तो म्हणाला.

"आता कार्बोरेटर उघडा लागते," साडूभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात जे सुख होतं, तेवढं सुख मी देवदर्शनाच्या रांगेतही कुणाच्या आवाजात ऐकलेलं नाही. कार्बोरेटरमध्ये बारीक स्प्रिंगा असतात आणि आमच्याखाली हे एवढं धरण होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात दिवसभर एक शब्द न बोललेल्या बाईंनी नाकावरचा पदर काढला.

"मी काही सांगू का?"

सगळे त्यांच्याकडे वळले.

"ह्या डब्याच्या झाकणावर एक फिरकी होती. उघडी होती. तिच्यातून वास येऊन राह्यला होता, मले मळमळत होतं." त्या थांबल्या. "मी घट्ट बंद केली."

डब्यातलं तेल जसं खाली जातं तशी त्याच्या जागी बाहेरून हवा आत यावी लागते. ती हवा याच फिरकीतून येते. ती बंद झाली की डबा आतून तेल धरून बसतो, कितीही ओढलं तरी सोडत नाही. साडूभाऊंनी दोन बोटांनी ती फिरकी सैल केली. फुस्स असा लांब आवाज झाला, आणि आमच्या डोळ्यांसमोर तो चपटा फुगा हळूहळू गोल झाला. वडिलांनी प्लग बसवला, साडूभाऊंनी नळी जोडली, मी फुगा दाबला. दोरीच्या दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं आणि मुलाने फांदी सोडली.

वडील बायकोला काहीतरी बोलणार होते, पण साडूभाऊंनी आधीच बाईंना हात जोडले होते. "वहिनी, लय उपकार झाले. मी तं इंजिनावर संशय घेतला होता. इंजिन निर्दोष हाय." बाई आधी गोंधळल्या आणि मग पदराआड हसू लागल्या. त्यांना हसताना पाहून वडीलही हसले. मग त्यांनी काळे हात पाण्यात बुडवून धुतले आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून साडूभाऊंना विचारलं, "पंचांग तुमच्याकडं पाहायचं की आमच्याकडं?"

"इंजिन आपोआप गरम होते," साडूभाऊ ओरडले.

"पंचांग," मी त्यांच्या कानात ओरडलो. "मुलगी पसंत आहे त्यांना. तारीख विचारून राह्यले."

साडूभाऊंच्या हातून इंजिन वळवायची मूठ सुटली. बोट जागच्या जागी गोल फिरू लागली. मुलगा, आई, वडील, मी, सगळे पत्र्याला धरून बसलो, आणि साडूभाऊ मध्ये उभे राहून होणाऱ्या व्याह्यांना मिठी मारायचा प्रयत्न करत होते. काठावरून मेहुणी आणि तिची मुलगी हे सगळं बघत होत्या. त्यांना वाटलं आम्ही बुडतोय. मेहुणी अजून सांगते, की त्या दिवशी तिने देवाला नवस बोलला. बोट सरळ झाली तेव्हा तो फेडावा लागणार म्हणून तिला आधी रागच आला होता.

लग्न थाटात झालं. व्याही आता महिन्या-दोन महिन्यांनी लोहाऱ्याहून येतात. पुढच्या खोलीत पाणीही न पिता सरळ काठावर जातात. दोघे मिळून जे इंजिन उत्तम चालतंय ते उघडतात आणि मेहुणी त्यांना जेवायला बोलवून बोलवून थकते.

गेल्या दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेलो होतो. संध्याकाळ व्हायची होती. साडूभाऊ म्हणाले, "चला, पलीकडं तुरीले फुलं आली, दाखवतो." आम्ही दोघेच होतो. पाणी काचेसारखं होतं आणि इंजिन छान चाललं होतं. मध्यावर आल्यावर त्यांनी स्वतःच हात लांब करून ते बंद केलं. मी चमकून पाहिलं.

"बिघडलं का काही?"

"नाही, नाही. चांगलं हाय." बोट आपल्याच वेगाने थोडी पुढे सरकली आणि थांबली. इतका वेळ ते काही न उघडता बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "पुण्याचा फोन येते रोज. चाचा फोनवर ट्रॅक्टर नुसता ऐकवते, मी सांगतो काय झालं. पोरगी बोलते, तं मले काही समजत नाही. बरी हाय म्हणते. आता बरी हाय म्हणजे काय समजा लागते, भाऊ?"

"बरी आहे म्हणजे बरीच असेल," मी म्हणालो. "खुश आहे ती. मागच्या महिन्यात आमच्याकडे आली होती ना, चांगली दिसली."

"व्हय का," ते म्हणाले. "जेवत होती ना नीट?"

"दोनदा वाढून घेतलं."

त्यांनी मान हलवली. कुठल्या तरी गावातल्या देवळाची घंटा पाण्यावरून येत होती. मग त्यांनी दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, आणि पलीकडच्या काठापर्यंत त्यांनी ते अगदी हळू चालवलं.